मायन्याची साक्ष : शिवशाहीच्या परराज्यमान्यतेच्या कागदांचें परीक्षण

एखाद्या राज्यास शेजारच्या सत्तांनीं राज्य म्हणून केव्हां ओळखलें, हा प्रश्न मुत्सद्द्यांचा व कायदेपंडितांचा समजला जातो. आमच्या मतें तो प्रथम कागद वाचणाराचा आहे. राज्य तरवारीनें मिळतें. परंतु तें दुसऱ्यानें मानलें कीं नाहीं, आणि मानलें तर किती मानलें, याची साक्ष कागदच देतो. ही साक्ष पत्राच्या मजकुरांत क्वचित् सांपडते. ती बहुधा मायन्यांत, शिक्क्यांत, मितींत आणि पत्राच्या जातींत असते. म्हणजे ज्या भागांवरून वाचणाराची दृष्टि घाईनें पुढें सरकते, नेमकी तेथें.

शिवछत्रपतींच्या राज्याविषयीं या बाबतींत दोन मतें रूढ आहेत. पहिल्या मताप्रमाणें शके १५९६ च्या ज्येष्ठांत, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, रायगडावर अभिषेक झाला, त्याच महिन्यांत इंग्रजांनीं तह केला, आणि नव्या राज्यास परराज्यांची मान्यता मिळाली. दुसऱ्या मताप्रमाणें दिल्लीच्या लेखीं महाराज अखेरपर्यंत बंडखोरच राहिले; तेव्हां मान्यतेची गोष्ट बोलण्यांत अर्थ नाहीं. पहिलें मत व्याख्यानपीठावर अधिक ऐकूं येतें, दुसरें फारशी तवारिखांच्या आधारें लिहिणाऱ्या ग्रंथांत. दोन्ही पक्ष कागदांचाच हवाला देतात, आणि दोघांचे कागद खरे आहेत. चूक कागदांत नाहीं. मान्यता ही एकदां पुरती मिळणारी किंवा मुळींच न मिळणारी वस्तु आहे, या समजुतींत आहे. वास्तविक ती हप्त्याहप्त्यानें दिली जाते, देणारा ती नाखुषीनें देतो, आणि दिलेला हप्ता किती हें तो स्वतःच्या सोईनें लिहून ठेवतो. तो हप्ता मोजावयाचा कसा, हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मोजण्याचें माप आपल्या शास्त्रकारांनीं घालून दिलेलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्र्यांच्या हातीं आली आणि १९०९ मध्यें तो ग्रंथ छापला गेला, तेव्हां पुष्कळांचें लक्ष त्यांतील मंडलसिद्धांताकडे व हेरांच्या प्रकरणांकडे गेलें. दुसऱ्या अधिकरणांतील शासनाधिकार नांवाचा दहावा अध्याय मात्र कागदपत्रांच्या अभ्यासकांनींही पुरेसा मनावर घेतलेला नाहीं. संधि व विग्रह यांचें मूळ शासनांत, म्हणजे लेखी पत्रांत, असल्यामुळें राजांचा सारा भर पत्रावर असतो, असें तेथें आरंभींच सांगितलें आहे. पुढें लेखकासाठीं नियम आहे. पत्र सत्ताधीशास असेल तर त्याच्या देशाचा, ऐश्वर्याचा, वंशाचा आणि नांवाचा आदरपूर्वक उल्लेख करावा. सत्ताधीश नसलेल्यास असेल तर देश आणि नांव एवढ्यावर भागवावें. या दोन प्रकारांतील अंतर दोनच शब्दांचें आहे : ऐश्वर्य आणि वंश. ज्याच्या मायन्यांत हे दोन शब्द आले त्यास लिहिणाराने राजा मानलें, ज्याच्या मायन्यांत ते गाळले त्यास मानलें नाहीं. कौटिल्याच्या आणि रायगडाच्या मध्यें अनेक शतकांचें अंतर आहे, व दक्षिणेंतील दरबारी लेखन फारशी वळणाचें होतें, हें आम्ही जाणतों. तरी फारशी इन्शेचे पदव्यांविषयींचे नियम याच तत्त्वावर चालतात, म्हणून हें माप दोन्हीकडे लागू पडतें.

त्यास आणखी दोन मापें जोडावीं. एक, पत्राची जात. फर्मान वरून खालीं येतें. सनद व कौल हेही देणाराकडून घेणाराकडे उतरतात. तह मात्र दोन पक्षांच्या बरोबरीनें होतो, निदान तसें दाखवितो. दुसरें, कालगणना व नाणें. पत्रावर कोणाचें वर्ष घातलें आहे आणि पैशावर कोणाचें नांव आहे, यावरून लिहिणारा कोणाच्या छत्राखालीं आहे हें कळतें. या तीन मापांनीं आतां कागद पाहूं.

प्रथम घरचेच कागद घेऊं. अभिषेकापूर्वींच्या महाराजांच्या पत्रांचा नेहमींचा आरंभ ‘अज रख्तखाने राजश्री शिवाजी राजे दामदौलतहू’ असा आहे आणि वर्ष सुहूर सनाचें, अरबी अंकशब्दांत लिहिलेलें. येथें ‘राजे’ आहे, दौलत चिरकाल राहो अशी प्रार्थना आहे. पण हा सारा सांचा दक्षिणेंतील शाह्यांच्या दफ्तरांतला आहे. एखाद्या मोठ्या सरदारासही तो शोभला असता. शिक्क्याची गोष्ट मात्र निराळी. संस्कृत श्लोकाची मुद्रा आणि पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हें मोर्तब हीं अभिषेकाच्या कितीतरी आधींपासूनच्या पत्रांवर आहेत. म्हणजे एकाच कागदाचा आरंभ फारशी पद्धतीचा आणि शेवट संस्कृत होता. दरबारी रीतीस मान देऊन स्वतःचा दावा शिक्क्यांत नोंदवून ठेवलेला होता.

१६७४ नंतर मायनाच पालटला. ‘स्वस्तिश्री’, राज्याभिषेक शक, संवत्सराचें नांव, मास, तिथि, वार, आणि मग ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति’ यांची आज्ञा. कौटिल्याचें माप लावून पाहावें : ‘क्षत्रियकुलावतंस’ हा वंश, ‘छत्रपति’ हें ऐश्वर्य. जे दोन शब्द दुसऱ्यांनीं गाळले होते ते महाराजांनीं स्वतःच्या मायन्यांत स्वतः घातले. रघुनाथपंडिताच्या नांवावर चालणारा राजव्यवहारकोश याच काळांतला. फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग भाषाशुद्धि म्हणून वाखाणला जातो; परंतु त्याच्या दहा वर्गांत एक स्वतंत्र लेखनवर्ग आहे, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्यास दुसऱ्याच्या दफ्तराच्या शब्दांत लिहावें लागतें त्याचें राज्य त्या दफ्तराच्या हिशेबांत दुय्यमच राहतें, हें रायगडावर ओळखलेलें होतें.

येथेंच संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतों. अभिषेकापूर्वींची मिती असलेल्या कागदावर ‘छत्रपति’ किंवा राज्याभिषेक शक आढळल्यास तो कागद तसाच खरा धरूं नये. पण म्हणून बनावट ठरवून फेंकूनही देऊं नये. नकल करणारा कारकून आदरबुद्धीनें जुन्या पत्राच्या माथीं नवा मायना चढवितो, असें घडूं शकतें. अशा वेळीं कागद, अक्षराचें वळण, शिक्का आणि मजकुरांतील व्यक्ति यांची स्वतंत्र परीक्षा करावी. मायना खोटा आणि मजकूर खरा, अशी नकल असूं शकते. तशीच मायना निर्दोष पण मजकूर वतनाच्या भांडणासाठीं रचलेला, अशीही असूं शकते.

आतां बाहेरचे कागद. १६५९ च्या जूनमध्यें अली आदिलशहानें कान्होजी जेध्यांस फर्मान पाठविलें. त्यांत महाराजांचें नांव आहे तें अविचारानें व अज्ञानानें बिघाड करणाऱ्या माणसाचें म्हणून. ऐश्वर्य नाहीं, वंशाचा मान नाहीं. तरीही हें फर्मान मान्यतेच्या इतिहासांत आम्ही पहिलें ठेवूं. ज्यास कोणीच मोजीत नाहीं त्याच्याविरुद्ध देशमुखांस उठविण्यासाठीं बादशाही फर्मानें निघत नाहींत. शत्रूची ही तक्रार हीच नव्या सत्तेच्या अस्तित्वाची पहिली लेखी नोंद होय.

मोंगलांचा व्यवहार याहून सूक्ष्म आहे. १६६५ च्या जूनमधील पुरंदरचा तह प्रसिद्धच आहे : तेवीस किल्ले बादशहाकडे गेले, बारा महाराजांकडे राहिले, आणि संभाजीराजांस पांच हजारी मनसब ठरली. यास आपण तह म्हणतों, परंतु जातीनें पाहतां त्याची परिणति फर्मानांत झाली. म्हणजे बरोबरीनें बोललेलें वरून खालीं येणाऱ्या कागदांत बद्ध झालें. १६६८ मध्यें औरंगजेबानें महाराजांस ‘राजा’ ही पदवी दिली. कित्येक लेखक हिला मान्यता समजतात. आमचा अभिप्राय उलट आहे. दिलेली पदवी परत घेतां येते, आणि ‘राजा’ म्हणविणारे मनसबदार मोंगल दरबारांत पुष्कळ होते. ज्या नांवानें महाराज आधींच ओळखले जात होते तेंच नांव आपल्याकडून बक्षीस म्हणून देण्यांत बादशहाचा डाव होता. घेणाराने ते घेतलें, कारण त्या दोनतीन वर्षांत त्यास उसंत हवी होती. सहा वर्षांनीं अभिषेक झाला, तेव्हां हाच ‘राजा’ शब्द कोणाच्या फर्मानावांचून उभा राहिला. अभिषेकाचें राजकीय मर्म आमच्या मतें यांत आहे. दिल्लीच्या तवारीखकारांनीं पुढेंही ‘शिवा’ असेंच लिहिलें, यावरून एवढेंच ठरतें कीं त्यांना हें मर्म पुरतें समजलें होतें.

अभिषेकाचा विधि गागाभट्टांनीं वेदोक्त चालविला. परंतु त्या दिवसाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत ज्यानें लिहून ठेवला त्या हेन्री ऑक्झेंडनच्या नजरेंत सिंहासनाभोंवतीं आणखी कांहीं वस्तु भरल्या : उजवीकडे मोठ्या दातांचीं सोन्याचीं मत्स्यमुखें, डावीकडे अश्वपुच्छें, आणि भाल्याच्या टोंकावर न्यायाचीं सुवर्णतुला. मत्स्य व पुच्छ हीं मुसलमानी दरबारांतील राजचिन्हें होत. वेदोक्त अभिषेकाच्या मंडपांत तीं कशासाठीं, असा प्रश्न करणारास उत्तर सोपें आहे. मंत्र हे काशीपासून कोंकणापर्यंतच्या प्रजेस व पंडितांस उद्देशून होते. मत्स्य आणि तुला हीं दिल्ली, विजापूर व गोवळकोंडा येथील वकिलांस उद्देशून. एकाच दिवशीं दोन भाषांत एकच वाक्य लिहिलें गेलें. ज्यास मान्यता हवी आहे त्यास समोरच्याच्या लिपींत बोलावें लागतें, आणि तरीही स्वतःची लिपि सोडून चालत नाहीं.

या वृत्तांताबरोबर जो तह झाला तो आतां नीट वाचूं. कारण पहिल्या मताचा सारा भार त्यावर आहे. पार्श्वभूमि थोडक्यांत अशी. १६६१ मध्यें राजापूरची इंग्रजांची वखार लुटली गेली व तेथील इंग्रज कैदेंत पडले. पन्हाळ्याच्या वेढ्यांत त्यांनीं विजापूरकरांस तोफांची मदत केली होती, हें त्याचें कारण. पुढें सुरत १६६४ मध्यें आणि १६७० मध्यें लुटली. राजापूरच्या भरपाईसाठीं इंग्रजांचे वकील १६७२ व १६७३ मध्यें येऊन गेले, आणि अखेर मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें ऑक्झेंडनला रायगडास पाठविलें. म्हणजे वकिली निघाली ती नुकसानीच्या हिशेबासाठीं. अभिषेकाचा मुहूर्त त्यांत सांपडला.

तह वीस कलमांचा आहे. राजापूरच्या भरपाईदाखल दहा हजार होन. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारींची परवानगी. मालावर शेंकडा अडीच जकात. एकमेकांचीं नाणीं एकमेकांच्या मुलुखांत चालणें. आणि किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत करणें, हीं त्यांतील मुख्य. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत या वीस कलमांचा सारांश चार मुद्द्यांत दिला, आणि भरपाईच्या पद्धतीवर मराठ्यांच्या स्वभावाचा शेरा मारून विषय संपविला. बखरींचा व मूळ कागदांचा एवढा शोध घेणाऱ्या या ग्रंथकारानें येथें व्यापाऱ्याचा चष्मा लावला, हें आश्चर्य आहे. तहाचें मर्म भरपाईंत नाहीं; महाराजांनीं ज्या दोन कलमांस प्रथम हरकत घेतली त्यांत आहे.

पहिलें कलम नाण्याचें. त्यावर उत्तर आलें कीं, आम्ही कोणतेंही नाणें चालविण्यास मना करीत नाहीं, परंतु ज्यांत तोटा होईल असें नाणें घेण्याची आमच्या रयतेवर सक्तीही करणार नाहीं. इंग्रजांचें नाणें वजनांत व कसांत मोंगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यासारखें असेल तर तें आपोआप चालेल. दुसरें कलम फुटक्या जहाजांचें. त्यावर उत्तर असें कीं, किनाऱ्यास लागलेला माल परत करणें कोंकणच्या रिवाजांत नाहीं. इंग्रजांस ही सवलत दिली तर फरासीस, वलंदेज व इतर सर्व ती मागतील. हीं दोन उत्तरें आम्हांस सबंध तहाहून मोलाचीं वाटतात. पहिल्यांत राजा आपल्या रयतेच्या तोट्याचा पक्ष घेतो. दुसऱ्यांत तो आपल्या मुलुखाचा कायदा पुढें करतो आणि एकास दिलेला हक्क सर्वांस द्यावा लागतो हें परराज्यव्यवहाराचें तत्त्व बोलून दाखवितो. हें सिंहासनावरचें बोलणें आहे. पुढें हीं कलमेंही मान्य झालीं असें डफ सांगतो. पण राज्यपण सिद्ध होतें तें कलम दिल्यानें नव्हे, तें नाकारण्याचा अधिकार समोरच्यानें गृहीत धरला त्यानें.

मग इंग्रजांनीं मान्यता दिली कीं नाहीं? मायना पाहावा. तहाच्या मथळ्यांत शांतता, ऐक्य आणि मैत्री हे शब्द आहेत. महाराजांस उमदा ‘प्रिन्स’ आणि ‘राजा’ म्हटलें आहे. ‘किंग’ म्हटलेलें नाहीं. आणि दुसरा पक्ष इंग्लंडचा राजा नसून व्यापारी कंपनी आहे. मुंबई बेट राजानें १६६८ मध्यें कंपनीच्या हवालीं केलें होतें. पण तह कंपनीच्या नांवें झाला. कंपनीची सुरतेची वखार मोंगलांच्या मुलुखांत, मोंगलांच्या परवानग्यांवर चालणारी. तेव्हां दिल्लीस रुचणार नाहीं इतका मोठा मायना तिला लिहितां येईना, आणि कोंकणांतील व्यापार बुडेल इतका लहानही लिहितां येईना. म्हणून मधला शब्द निवडला. इंग्रजांनीं सिद्दीशीं सलोखा करण्याची गळ घातली ती महाराजांनीं मानली नाहीं, आणि इंग्रजांनींही मोंगलांविरुद्ध मदत कबूल केली नाहीं. सारांश, हा तह बरोबरीचा आहे, परंतु बरोबरीचे पक्ष राज्य आणि कंपनी असे आहेत. ‘इंग्लंडनें मान्यता दिली’ हें विधान या कागदावर उभें राहत नाहीं. ‘इंग्रजांनीं बंडखोर मानलें’ हेंही राहत नाहीं. जे दरबारांत जाऊन नजर करतात, वीस कलमांची याचना करतात आणि दोन कलमांवर नकार ऐकून घेतात, ते बंडखोराच्या दारीं उभे नसतात.

व्यापारी आणि राजा यांमधील हा भेद आमच्या पूर्वजांस कळत नव्हता असें नाहीं. अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं जें प्रकरण आहे त्यांत हे लोक वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं राजे आहेत, यांना खाडीच्या तोंडाशीं मजबूत जागा देऊं नये, असा इशारा आहे. कंपनीच्या मायन्यामागील राजा अमात्यांना दिसत होता.

याहून स्पष्ट साक्ष १६७७ च्या कर्नाटकांतील कागदांत आहे, आणि तिची चर्चा कमी होते. महाराज दक्षिणेंत उतरले, वाटेंत भागानगरास कुतुबशहाची भेट झाली, आणि पूर्व किनाऱ्यावरचे टोपीकर धावले. वलंदेजांनीं कौल घेतला; त्यांत गुलामांच्या खरेदीविक्रीस मनाई आहे. पुदुचेरीच्या फ्रान्स्वा मार्तांनेंही माणूस पाठवून कौल मिळविला. तह देणारा मान देतो. परंतु कौल घेणारा त्याहून अधिक देतो, कारण या भूमीवर कोणास राहूं द्यावें हें ठरविणारा तूंच, असें तो कौल घेऊन कबूल करतो. मायन्यांत ‘किंग’ लिहिण्याचें टाळतां येतें. घेतलेला कौल नाकारतां येत नाहीं.

पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांचें वर्तन याच्या मध्यें कोठेंतरी बसतें. १६६७ व १६७० मध्यें त्यांनीं महाराजांशीं तह केले. पुढें १६७२ मध्यें रामनगर महाराजांच्या हातीं आलें. दमणकडील गांवांबद्दल पोर्तुगीज रामनगरच्या राजास चौथ देत असत. ती आतां आम्हांस द्यावी अशी मागणी झाली. जिंकलेल्या राज्याचे हक्क जिंकणाराकडे येतात, हा तिचा आधार. पोर्तुगीजांनीं चोख नकार न देतां काळ काढला. या टाळाटाळीचेंही मोल आहे : बंडखोराच्या मागणीस उत्तर द्यावें लागत नाहीं, राज्याच्या मागणीस निमित्तें सांगावीं लागतात.

या सर्वांचा कळस आणि त्याचबरोबर उपहास पुढच्या शतकांत दिसतो. १७०७ मध्यें शाहूमहाराज सुटून आले आणि सातारा व कोल्हापूर असा वाद पडला. १७०९ च्या सुमारास बहादूरशहाच्या दरबारांत एक वजीर ताराबाईंच्या पुत्राचा पक्ष घेई, दुसरा सरदार शाहूंचा. बादशहानें दोघांनाही झुलवत ठेवलें. ज्याची मान्यता अर्धवट आहे अशा राज्यांत दोन गाद्या झाल्या म्हणजे मान्यता देणाराचें फावतें, हें यावरून दिसतें. मग १७१९ च्या मार्चमध्यें बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून चौथ, सरदेशमुखी आणि स्वराज्य या तीन बाबींच्या सनदा आणल्या. तिसरी सनद मोठी गमतीची आहे. शिवछत्रपतींनीं अभिषेक करून जें स्वतः मिळविलें, तेंच पंचेचाळीस वर्षांनीं बादशहानें देणगी म्हणून लिहून दिलें. ‘स्वराज्य’ हा शब्द मान्य झाला, पण ज्या जातीच्या कागदांत मान्य झाला तिनें त्याचा अर्थ अर्धा काढून घेतला. शब्द वाचणारास विजय दिसतो. जात वाचणारास त्याची किंमतही दिसते. नाण्याची साक्ष अशीच. शिवकालीन होनावर आणि शिवराईवर राजाचें स्वतःचें नांव आहे. पेशवाईंत, मराठी सत्ता दिल्लीपर्यंत पोंचली असतां, मराठी टांकसाळींतून पडणाऱ्या रुपयांवर मोंगल बादशहाचें नांव आहे. सामर्थ्य आणि मायना हीं दोन निराळ्या वेगानें चालतात. १७३१ च्या वारणेच्या तहांत मात्र सातारा व कोल्हापूर यांनीं परस्परांस नदीच्या दोन तीरांवर मानलें. तेथें मान्यता घरांतल्या घरांत, कोणाच्या सनदेवांचून ठरली.

हें सारें जुनें झालें असें कोणी म्हणेल, तर त्यानें आजच्या मुंबईकडे पाहावें. १९३३ च्या माँटेव्हिडिओ येथील करारांत राज्याचें राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाहीं, असें तिसऱ्या कलमांत सांगितलें आहे. तरी १९७१ मध्यें राष्ट्रसंघांतील चीनची जागा पेकिंगच्या सरकारास मिळाल्यापासून तैवान बेटावरील सरकारास औपचारिक मान्यता देणारीं राज्यें घटत गेलीं. जानेवारी १९२४ नव्हे, अगदीं अलीकडे, जानेवारी २०२४ मध्यें नाउरूनें संबंध तोडले तेव्हां तीं बारा उरलीं. भारताची त्यास मान्यता नाहीं. पण १९९५ पासून दोहोंकडे कचेऱ्या आहेत, आणि २०२४ मध्यें मुंबईसही एक उघडली. तिच्या नांवांत देशाचें नांव नाहीं, वकिलात हा शब्द नाहीं. ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ एवढेंच आहे. देश आणि ऐश्वर्य गाळून नगराचें नांव ठेवलें. व्यापार मोठा, मायना लहान. ऑक्झेंडनला हा प्रकार तत्काळ समजला असता.

आमच्या परीक्षणाचा निष्कर्ष असा. शिवशाहीस परराज्यमान्यता मिळाली, परंतु ती एका दिवशीं व एका कागदानें नाहीं. घरच्या मायन्यांत ती १६७४ मध्यें पूर्ण झाली. टोपीकरांनीं ती तहाच्या मथळ्यांत अर्धी आणि कौल घेऊन जवळजवळ सबंध दिली. दिल्लीनें ती प्रथम पदवी देऊन हिरावण्याचा यत्न केला, मग तवारिखेंत नाकारली, आणि अखेर सनदेंत देणगीचें रूप देऊन कबूल केली. ज्यास शिवछत्रपतींचा गौरव करावयाचा आहे त्याला यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगितलीं त्यांत मित्र हें अंग अगदीं शेवटीं आहे. आधीं स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दण्ड. रायगडावर पहिलीं सहा अंगें उभीं होतीं, म्हणूनच सातव्यासाठीं वाट पाहणें परवडलें.

परंतु हा निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावा आपल्याच हातून नष्ट होत आहे, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे. छापील संग्रहांत जागा वाचविण्यासाठीं मायना गाळून मजकुरापासून आरंभ करण्याची चाल पडली. हौशी संग्राहक शिक्का सुंदर म्हणून तेवढाच कातरून चिकटवहींत लावतात. वाळवीच्या भयानें पत्राच्या पाठीस दुसरा कागद डकवितात आणि पाठीवरचा शेरा, रुजुवात व पोंचल्याची मिती कायमची झांकली जाते. आमच्या पाहण्यांत असा रुमाल आला आहे कीं ज्यांतील पत्रांचा शिरोभाग एकसारखा कापलेला होता; उरलेल्या मजकुरांत घोडीं, दाणा आणि हुंड्या एवढेंच होतें. तीं पत्रें कोणीं कोणास कोणत्या नात्यानें लिहिलीं, तीं राजाचीं कीं चाकराचीं, हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं.

म्हणून संपादकांस आमची विनंति आहे कीं, मायना पुरता छापावा. निदान त्यांत काय आहे व काय नाहीं हें टिपेंत सांगावें. नकलेची मिती आणि मूळाची मिती वेगळ्या लिहाव्या. शिक्क्याची जागा, संख्या व वाचन नोंदवावें. संग्राहकांनीं कागद कातरूं नये, पाठ डकवूं नये, आणि घडीच्या खुणा इस्त्रीनें मोडूं नयेत. मजकूर हरवला तर त्याचा सारांश दुसऱ्या पत्राच्या उत्तरांत सांपडण्याचा संभव असतो. मायना हरवला तर एका राज्यानें दुसऱ्यास काय मानलें ही गोष्ट हरवते, आणि ती परत मिळविण्यास दुसरा कागद नसतो.